काचेमागची बाहुली

मराठी भाषेने शिंप्याच्या कात्रीपासून बटणाच्या काजापर्यंत सगळ्यांना नावे दिली. दुकानाच्या काचेमागे नवे कपडे घालून जी दिवसभर उभी असते, तिच्यासाठी शब्द घडवण्याची तसदी मात्र कोणी घेतली नाही. गिऱ्हाईक म्हणते, ''त्या पुतळ्याच्या अंगावरचा दाखवा.'' दुकानदार तिला डमी म्हणतो. शिकलेली मुले मॅनेक्विन म्हणतात. हा शब्द डच भाषेतून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला आणि त्याचा मूळ अर्थ 'छोटा माणूस' असा आहे. मी तिला बाहुलीच म्हणते. पुतळा म्हटले की कोणातरी थोर व्यक्तीची आठवण आली, चौक आला, जयंतीचा हार आला. ही बिचारी कोणाचीच आठवण म्हणून उभी नसते. उलट, आपण कसे असावे हेच ती आपल्याला सांगत असते.

नोकरीच्या निमित्ताने मी तीस वर्षे वसईहून मुंबईला ये-जा केली. चर्चगेटला उतरून फोर्टमधल्या दुकानांसमोरून रोज चालत जाताना या बाहुल्यांकडे पाहण्याची सवय लागली. खरेदी क्वचितच होई. पाहणे फुकट असे. या वर्षांत दुकाने बदलली, पाट्या बदलल्या, बाहुल्याही बदलल्या. सुरुवातीच्या बाहुल्यांना चेहरा होता. गुलाबी गाल, रंगवलेल्या भुवया, किंचित विलगलेले ओठ आणि डोक्यावर केसांचा टोप. नाक नेहमीच युरोपियन आणि कातडी नेहमीच गोरी. मग अंगावर पैठणी असो की पंजाबी ड्रेस. पुढे डोळे पुसट झाले. मग नाकडोळे गेले आणि चेहऱ्याच्या जागी अंड्यासारखा गुळगुळीत आकार आला. अखेर एके दिवशी मानेच्या वरचे सगळेच नाहीसे झाले. आज आमच्या वसई स्टेशनच्या रस्त्यावरील छोट्या दुकानांतही बिनडोक्याच्या बाहुल्या निवांत उभ्या असतात आणि त्यांच्याकडे पाहून कोणी दचकत नाही.

या बाहुलीचे कुळ शोधू लागले तेव्हा मोठी गंमत वाटली. एकोणिसाव्या शतकात मोठमोठ्या काचा तयार होऊ लागल्या, दुकानांना दर्शनी खिडक्या आल्या, पुढे विजेचे दिवे आले आणि खिडकीत उभे राहायला कोणीतरी हवे झाले. आरंभी वेताचे किंवा तारेचे नुसते धड असे. मग पॅरिसमध्ये मेणाच्या बाहुल्या घडू लागल्या. त्यांना काचेचे डोळे बसवीत, खरे मानवी केस एकेक करून रोवीत. त्या इतक्या जिवंत दिसत की पाहणारा क्षणभर थबके. परंतु त्या वजनाला भारी होत्या आणि उन्हाळा त्यांना सोसत नसे. तापलेल्या खिडकीत सुंदरीचा चेहरा वितळू लागे.

मेणानंतर प्लॅस्टरचे दिवस आले. लेस्टर गाबा नावाचा एक अमेरिकन कलावंत साबणाच्या वड्यांतून मूर्ती कोरण्यासाठी प्रसिद्ध होता. १९३०च्या दशकात त्याने न्यूयॉर्कच्या एका बड्या दुकानासाठी 'सिंथिया' नावाची बाहुली घडवली. ती सुमारे १०० पौंड वजनाची होती आणि खऱ्या बाईसारखे वांग तिच्या तोंडावर मुद्दाम ठेवलेले होते. गाबा तिला सोबत घेऊन नाटकांना आणि मेजवान्यांना जाई. १९३७ मध्ये 'लाइफ' या साप्ताहिकाने तिची छायाचित्रे छापली. पुढे एका केशभूषेच्या दुकानात ती खुर्चीवरून घसरून फुटली, असे सांगतात. फायबरग्लास आले तेव्हा बाहुल्या हलक्या झाल्या, वितळण्याफुटण्याची भीती उरली नाही. १९६६ मध्ये लंडनच्या ॲडेल रूटस्टीन यांनी ट्विगी या काटकुळ्या मॉडेलची हुबेहूब बाहुली बाजारात आणली. त्याच सुमारास त्यांनी डोन्येल लूना या कृष्णवर्णीय मॉडेलचीही बाहुली केली. म्हणजे गोऱ्या देशांतल्या खिडकीत काळा चेहरा यायला १९६० चे दशक उजाडावे लागले.

मग हे चेहरे गेले कुठे? त्यामागे मोठे तत्त्वज्ञान नाही, हिशेब आहे. चेहरा म्हटला की टोप आला, रंगरंगोटी आली आणि केसांची तऱ्हा जुनी झाली की बाहुलीही जुनी झाली. डोके नसले म्हणजे हा सगळा खर्च वाचतो. दुसरे कारण अधिक चतुर आहे. बाहुलीला स्वतःचा चेहरा नसला की पाहणारीला तिच्या खांद्यांवर आपला चेहरा बसवता येतो. 'ही तूच आहेस,' असे ती न बोलता सांगते. यात गोऱ्या नाकाचा जाच संपला, हे मी मान्य करते. परंतु चेहरा आपला बसवला, तरी मानेखालचे शरीर कोणाचे असते?

या प्रश्नाचे उत्तर दोन फिनिश संशोधकांनी गंभीरपणे शोधले. १९९२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांचा एक छोटा लेख आला. १९२०च्या दशकापासूनच्या जुन्या बाहुल्यांची आणि त्यांच्यानंतरच्या नव्या बाहुल्यांची मापे त्यांनी टेपने घेतली होती. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या बाहुल्या साधारण निरोगी स्त्रीसारख्या निघाल्या. पुढच्या काळातील बाहुल्यांच्या मांड्या आणि नितंब बारीक होत गेलेले आढळले. त्या आकाराची खरी स्त्री असती, तर शरीरात पुरेशी चरबी नसल्यामुळे तिची मासिक पाळीही बहुधा बंद पडली असती, असा त्यांचा निष्कर्ष होता. २०१७ मध्ये लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांनी इंग्लंडमधील दोन शहरांच्या बाजारपेठांतील बाहुल्या पाहिल्या. त्यांनी पाहिलेली प्रत्येक स्त्री-बाहुली निरोगी वजनाच्या खालची होती. पुरुष-बाहुल्यांत हे प्रमाण अवघे ८ टक्के होते. पुरुषाला खिडकीतही पोटभर जेवायची मुभा आहे!

आमच्याकडे फार पूर्वीपासून आणखी एक बाहुली आहे आणि ती चालतीबोलती आहे. दादरच्या एखाद्या साडीच्या दुकानात जा. गादीवरचा मिशाळ विक्रेता उठून उभा राहतो, भराभर निऱ्या घालतो, पदर स्वतःच्या खांद्यावर टाकतो आणि गंभीर चेहऱ्याने विचारतो, ''ताई, काठ कसा दिसतोय?'' त्याला कोणी हसत नाही. कारण आपण त्याला पाहतच नसतो, साडी पाहत असतो. साडीला माप नसते. जाड, बारीक, उंच, ठेंगणी, सगळ्यांना ती सारखीच सामावून घेते. माझी आजी लुगड्यात लग्नाला उभी राहिली, आई पांढऱ्या साडीत. 'हे मला बसेल का,' हा प्रश्न दोघींनाही कधी पडला नसेल. तो आमच्या घरात आला पुढच्या पिढीबरोबर, लग्नाच्या गाऊनबरोबर.

येथेच मूळ दुखणे आहे. ही बाहुली तयार कपड्यांची सखी आहे. शिंपी माणसाचे माप घेऊन कापड कापतो. तयार कपडा आधी कापलेला असतो. त्याला बसेल असा माणूस नंतर शोधावा लागतो. पॅरिसच्या उंची शिवणगृहांत श्रीमंत गिऱ्हाइकांसाठी स्वतंत्र धडे ठेवण्याचा प्रघात होता. ज्या बाईचे जसे शरीर, तसा कापूस आणि कापड भरून ते धड फुगवीत. बाईचे अंग सुटले की धडावर आणखी एक थर चढे. म्हणजे बाहुली माणसाच्या मापाची होई. तयार कपड्यांनी ही रीत उलटी केली.

कारखान्याला एकच ठराविक माप लागते. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९-४० मध्ये सुमारे १५,००० स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेतली. त्यांत गोऱ्या नसलेल्या स्त्रियांची मापे शेवटच्या हिशेबात धरलीच नाहीत. त्याच दशकात एका डॉक्टराने आणि एका शिल्पकाराने मिळून हजारो तरुण स्त्रियांच्या मापांच्या सरासरीवरून एक पुतळा घडवला. त्याचे नाव 'नॉर्मा'. नॉर्मा म्हणजे आदर्श, निरोगी, सर्वसाधारण स्त्री. १९४५ मध्ये क्लीव्हलंड शहरातील एका वृत्तपत्राने स्पर्धा जाहीर केली की नॉर्माशी जुळणारी खरी स्त्री शोधून काढायची. ३,८६४ स्त्रियांनी आपली मापे पाठवली. संयोजकांना वाटले होते, निकाल मिलिमीटरवर लागेल. प्रत्यक्षात नऊ मापांपैकी केवळ पाच मापे जुळणाऱ्या स्त्रिया चाळीसदेखील निघाल्या नाहीत. नऊच्या नऊ मापे एकीचीही जुळली नाहीत. सर्वांच्या सरासरीतून जी जन्मली, तिच्यासारखे जगात कोणीच नव्हते. यावरून पुतळा चुकला असे कोणी म्हटले नाही. काही शहाण्यांनी उलट असा अर्थ काढला की अमेरिकन स्त्रियांनीच व्यायाम सोडला आहे!

आपल्याकडे तर बराच काळ परदेशी तक्त्यांवरच कपडे बेतले गेले. भारतीय शरीरांची मापे घेण्याचा 'इंडिया साइज' नावाचा प्रकल्प राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने अलीकडे हाती घेतला. मुंबईसह सहा शहरांतील १५ ते ६५ वर्षे वयाच्या २५,००० लोकांची मापे घेण्याची ती योजना. स्तुत्य गोष्ट आहे. फक्त, त्यातून आणखी एक नॉर्मा जन्माला येऊ नये.

बाहुलीवर राग काढणारेही पुष्कळ भेटतात. २०१३ च्या मे महिन्यात मुंबई महानगरपालिकेने दुकानांबाहेर अंतर्वस्त्रे घालून उभ्या केलेल्या बाहुल्यांवर बंदी आणण्याचा ठराव मंजूर केला. अशा बाहुल्यांमुळे पुरुषांची मने बिघडतात आणि स्त्रियांवर अत्याचार होतात, असा त्यामागचा युक्तिवाद होता. रस्त्यातून मुलाबाळांना घेऊन जाताना अशा बाहुल्यांसमोर अवघडल्यासारखे होते, हे खरे. परंतु अत्याचाराचा दोष फायबरग्लासच्या माथी मारला की गुन्हेगार किती सहज मोकळा होतो! २०२२ च्या जानेवारीत अफगाणिस्तानातील हेरात शहरात तालिबानने दुकानदारांना बाहुल्यांची मुंडकी छाटण्याचे फर्मान काढले. पुढे काबूलच्या दुकानदारांनी गयावया करून मुंडकी वाचवली. बदल्यात त्यांच्यावर पिशव्या आणि कापडी बुरखे चढवावे लागले. उंची झगा घातलेली आणि डोक्यावर पिशवी ओढलेली ती बाहुली मी छायाचित्रात पाहिली आणि घास गिळवेना. आमच्याकडे डोके खर्च वाचवण्यासाठी गेले, तिकडे हुकुमाने. दोन्हीकडे खिडकीत चेहरा राहिला नाही.

उलट दिशेने झालेला एक प्रयत्न मला फार भावला. २०१३ च्या डिसेंबरात, जागतिक अपंग दिनाच्या निमित्ताने, झुरिच शहरातील एका संस्थेने पाच अपंग व्यक्तींची मापे घेऊन त्यांच्यासारख्या बाहुल्या बनवून घेतल्या. कोणाचा कणा वाकडा, कोणाचा एक पाय नाही, कोणी चाकाच्या खुर्चीत. या बाहुल्या शहरातील सर्वांत महागड्या रस्त्यावरच्या खिडक्यांत उभ्या केल्या. या कामाची चित्रफीतही काढली आहे. ज्यांच्यावरून बाहुल्या घडल्या ती माणसे आपापल्या प्रतिकृतीसमोर येतात, हळूच तिच्या कमरेवरून हात फिरवतात आणि हसतात. आपणही खिडकीत उभे राहण्याजोगे आहोत, हे त्यांना बहुधा पहिल्यांदाच कोणीतरी दाखवले होते. २०१९ मध्ये लंडनमध्ये खेळाच्या कपड्यांच्या एका दुकानात जाड अंगाची बाहुली उभी राहिली, तेव्हा मात्र वृत्तपत्रांत वाद पेटला. असली बाहुली लठ्ठपणाला उत्तेजन देते, असे काहींचे म्हणणे पडले. काटकुळ्या बाहुल्या उपासमारीला उत्तेजन देतात, म्हणून इतकी वर्षे एवढा गहजब कोणी केल्याचे मला आठवत नाही.

असो. या सगळ्यात मी इतकी का गुंतले, ते सांगायला हवे. काही वर्षांपूर्वी माझ्या भाचीचे लग्न ठरले. ती पेशाने परिचारिका, अंगाने भरलेली, चालण्याबोलण्यात मोकळी. आईबरोबर ती उपनगरातील एका मोठ्या दुकानात गाऊन घ्यायला गेली. खिडकीत लावलेला गाऊनच तिच्या मनात भरला. तो पाठीवर मिटेना. तेथील विक्रेती गोड हसून म्हणाली, ''लग्नाला अजून दोन महिने आहेत ना? तोवर थोडं कमी करा. गाऊन तर हाच उठून दिसेल.'' भाची काही बोलली नाही. त्या रात्रीपासून ती जेवायला बसेना. ''ड्यूटीवर खाल्लं,'' म्हणे. तिसऱ्या आठवड्यात चर्चमध्ये गायनाच्या सरावाला उभी असताना ती चक्कर येऊन कोसळली. डॉक्टरांनी तपासले आणि एकच विचारले, ''ही जेवते का?'' दिवसभर रुग्णांना 'दोन घास खा' म्हणून विनवणारी मुलगी स्वतः उपाशी होती, एका कपड्यासाठी.

मी तिला भेटायला गेले. उपदेश करण्यात अर्थ नव्हता. तो तिच्या आईने भरपूर केला होता. मला एक जुनी गोष्ट आठवली. एकदा संध्याकाळी घरी परतताना फोर्टमधल्या एका दुकानात खिडकी बदलण्याचे काम चालू असलेले मी पाहिले होते. पोऱ्याने बाहुलीचा हात खांद्यातून उपटून बगलेत धरला होता आणि तिची पाठ रस्त्याकडे वळली होती. समोरून चापूनचोपून बसलेल्या त्या झग्याला पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत टाचण्यांची रांग लावलेली होती. ही हकीकत मी भाचीला सांगितली. तिचा विश्वास बसेना. ती हिंडूफिरू लागल्यावर आम्ही दोघी स्टेशनजवळच्या एका दुकानात गेलो आणि मी तेथील मुलीला म्हटले, ''बाळ, या बाहुलीची पाठ जरा दाखवतेस?'' ती आधी गोंधळली, मग हसली आणि तिने बाहुली फिरवली. पाठीवर तीन मोठे चिमटे होते.

भाची बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, ''मावशी, म्हणजे हिलासुद्धा बसत नाही!''

त्या एका वाक्याने सगळे बदलले, असे मी म्हणणार नाही. आरशाशी तिचे भांडण पुढेही काही महिने चालले आणि ताटातला भात मोजून घेण्याची सवय जायला वेळ लागला. पण त्या दुकानाकडे ती परत गेली नाही. गावातल्या शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे तिने गाऊन टाकला. मी सोबत होते. बाईंनी गळ्यातली टेप काढली, मापे मोठ्याने म्हणत वहीत लिहिली, कापडाचा तुकडा त्या पानाला टाचला. कोणत्याही आकड्यावर त्यांची भुवई वर गेली नाही. शिंप्याच्या दृष्टीने माप म्हणजे केवळ माप असते. त्यात कौतुक नसते आणि लाजही नसते. शेवटी खडूने रेघ मारताना त्या म्हणाल्या, ''दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं माया ठेवते. पुढेमागे लागेल.''

शिवणीच्या आत दुमडून ठेवलेल्या जादा कापडाला आपली भाषा 'माया' म्हणते. काचेमागच्या बाहुलीला एक नाव न देणाऱ्या भाषेने या लपलेल्या दोन बोटांना हा शब्द द्यावा, याचे मला नेहमी नवल वाटते. तो कोणी दिला, कधी दिला, कोण जाणे. पण ज्याने दिला त्याला माणसाचे शरीर ठाऊक होते. ते वाढते, सुटते, आजारात आटते, बाळंतपणात बदलते, म्हातारपणी वाकते. कापडाने हे आधीच ओळखून आत थोडी जागा राखावी. कारखान्यातल्या शिवणीत ही जागा बहुधा नसते. तेथे कापडाच्या प्रत्येक बोटाचा हिशेब असतो. बाहुलीला तर मायेची गरजच पडत नाही. ती कधी आजारी पडत नाही, तिला मूल होत नाही, तिचे वय वाढत नाही.

भाचीचे लग्न थाटात झाले. गाऊन तिला अगदी सहज बसला होता. ती त्यात जेवली आणि नाचलीही. गेल्या वर्षी तिच्या धाकट्या बहिणीचे लग्न झाले. ती अंगाने हिच्याहून थोराड. तोच गाऊन बाहेर निघाला, बाईंकडे गेला, दोन्ही बाजूंचे टाके उसवले आणि आत जपून ठेवलेली माया बाहेर आली. एवढ्या वर्षांत दुमडून राहिलेला तो पांढरा रंग बाकीच्या कापडापेक्षा किंचित उजळ दिसत होता. बाईंनी त्यावर लेसची एक पट्टी लावून दिली.